उधईची दवाई

दवाखान्यातून परत येताना आयशाबीनं गाडीत मला एकच विचारलं, "आरजूचे अब्बा, मलेच काहून?" तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तंबाखू नाही, सुपारी नाही, कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही अशी बाई. त्या दिवसापासून रोज एकदा तरी ती हे विचारायची. मी तिला जबान दिली होती, की तुझं उत्तर शोधून आणीन.

उत्तर माझ्या मते तयारच होतं. सत्तावीस वर्षं मी लष्कराच्या हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, मारेगावच्या बाहेर माळावर. पहिली नऊ वर्षं आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिलो, तिथलंच पाणी प्यायलो. तेलकट पुर्जे आम्ही ज्या पातळ औषधात धुवायचो त्याला गोडसर वास यायचा, म्हणून त्याचं नाव मीठी दवाई. माझ्या बरोबरीचे दोघे रिटायर झाले आणि अंथरुणाला खिळले. मग मी गप्प बसतो होय? अर्जावर अर्ज केले, साहेबाच्या दारात ठाण मांडलं. माझ्या बायकोच्या किडन्या तुमच्या पाण्यानं खाल्ल्या, असं तोंडावर बोललो. चौकशी लावली तेव्हाच दम घेतला.

चौकशीला पाणी तपासणाऱ्या अर्पिता मॅडम आल्या. आमच्या लेकीच्या, आरजूच्याच वयाच्या. वर्कशॉपची विहीर, क्वार्टरचे नळ, कुंपणाजवळची माती, सगळ्याचे नमुने त्यांनी बाटल्यांत भरले. मीच त्यांना घरी घेऊन आलो. म्हटलं, "मॅडम, आता चांगलं पानी कसं असते तेही तपासा. आमचं बोअर अख्ख्या गल्लीत एक नंबर."

खोटं नव्हतं ते. उन्हाळ्यात नळ रुसले की गल्ली आमच्याकडेच यायची. आयशाबीनं कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. शेजारच्या विमलताई तर बारा महिने आमचंच पाणी भरतात. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणतात.

महिन्याभरानं मॅडम कागद घेऊन आल्या आणि अंगणात खुर्चीच्या टोकावर बसल्या. वर्कशॉपच्या विहिरीत औषधाचा थोडा अंश निघाला होता. क्वार्टरचे नळ स्वच्छ. सगळ्यात जास्त निघालं ते माझ्या बोअरमध्ये.

"बाटल्या बदलल्या असन तुमच्या," मी चिडून म्हटलं.

"चाचा, दोनदा तपासलं. वर्कशॉप इथून सहा किलोमीटर आहे. तिथून झिरपत इथवर येणं शक्य नाही." त्यांनी कागद मांडीवर ठेवले. "तुम्ही कधी ते घरी आणलं होतं का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला माझी दाराची चौकट दिसली.

सागवानी चौकट. गल्लीत सगळ्यांच्या चौकटी उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या, माझी शाबूत. वापरलेली दवाई पिंपात जमा करायचा नियम होता. पण फुकट ते पौष्टिक. पावसाळ्याआधी मी एक कॅन स्कूटरच्या डिकीत घालून आणायचो आणि उधई लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं मातीत ओतायचो. अठरा वर्षं. लोक चौकट बघायला यायचे आणि मी मिशीला पीळ द्यायचो. बोअर तिथून चार हातांवर आहे.

मॅडमनी लिहून घेतलं. मी सही केली. बोअर आजच बंद करा, असं बजावून त्या गेल्या.

आत गेलो तर आयशाबी उशीला टेकून वाटच बघत होती. "समजलं का काई?"

मी घाबरट निघालो. "वर्कशॉपचंच पानी," म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला की कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. "म्हंजे आपलं काई चुकलं नाई," ती म्हणाली. मग लगेच, "तं त्या क्वार्टरवाल्यायले सांगा न जी, आपल्या बोअरचं घेऊन जा म्हना. लहान लेकरं हायेत तिथं."

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी खाली फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कॅन, डिकी, भिंत. सांगताना मी लहान पोरासारखा रडलो. ती रडली नाही.

"उधईसाठी तुमच्यामागं मीच लागलती," ती म्हणाली.

"तू दवाई नव्हती मागतली. मी आनली."

तिनं माझा हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही. "इमलले सांगून या. आत्ता. मी नाई सांगू शकत."

चार पावलांवरच्या त्या घरी गेलो. विमलताईंनी हसून खुर्ची दिली आणि रिवाजाप्रमाणं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या मोहिउद्दीनभाऊ, तुमचंच पानी हाये."

तांब्या हातात धरूनच मी सांगितलं. विमलताईंचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. आतल्या खोलीकडे वळून त्यांनी सुनेला हाक मारली,

"अपेक्षा, लेकराची बाटली काढ त्याच्या तोंडातून."