हर्टिनसाठी गाणं

जहाज बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात शिरलं, तेव्हा माळा तयार होत्या. त्या घालायच्या की नाही, एवढंच ठरलं नव्हतं.

आमच्या बेटावर कोणीही उतरलं की त्याच्या डोक्याला फुलांची माळ बांधतात. शाळेची मुलं गातात. मग पाहुण्याने सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा. मी चाळीस वर्षं इथे शिकवते आहे, एकही पाहुणा गाण्याशिवाय किनाऱ्यावर आलेला नाही.

आज त्या जहाजातून हर्टिन येत होता. बारा वर्षं तो आमचा सिनेटर होता.

त्याला पाढे मी शिकवले. उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा. मी म्हणायची, "हर्टिन, येत नसेल तर हात खाली ठेव, त्यात लाज नाही." तो हसायचा आणि पुन्हा हात वर करायचा. मोठेपणी याच सवयीने त्याने मतं मिळवली असतील. पण कामंही केली. पहिल्या खेपेला निवडून आला तेव्हा शाळेवर पत्रे आले, दुसऱ्या खेपेला पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या. तो आला की आम्ही मनापासून गायचो.

तिसऱ्या खेपेला दुष्काळ पडला. नऊ महिने पाऊस नाही, टाक्या रिकाम्या, विहिरी खारट. सरकारने समुद्राचं पाणी गोड करणारी यंत्रं मागवली, त्यातलं एक आमच्यासाठी. पुढच्या जहाजाने येईल, असं रेडिओवर दर वेळी सांगायचे. आमच्या नेइमातची मुलगी लिजॉन विहिरीचं पाणी पिऊन आजारी पडली. सहा दिवस टिकली. चार वर्षांची होती.

दोन वर्षांनी माझी एक विद्यार्थिनी पुढच्या शिक्षणाला राजधानीत, मजुरोला गेली. तिथे एका हॉटेलच्या मागे तिला ते यंत्र दिसलं. त्यावर पांढऱ्या रंगात आमच्या बेटाचं नाव होतं. यंत्र बेटावर पोचल्याच्या कागदावर हर्टिनची सही निघाली. संसदेत त्याच्यावर मतदान व्हायच्या आदल्या दिवशी त्याने राजीनामा दिला.

"मुलांना आत न्या, बाई," आमचे मेयर बियाम म्हणाले. "आज गाणं नाही."

म्हातारा जितियाम जाळं सोडवत बसला होता. "जनगणनेवाल्यासाठी गायलात की. त्याने तर आपल्याला मोजलंसुद्धा चुकीचं. माझी बायको दोनदा धरली."

"दोन माणसांचं बोलते, त्याची काय चूक?" कोणीतरी म्हणालं.

बियाम हसले नाहीत. "त्या माणसाने कोणाचं पाणी पळवलं नव्हतं."

नेइमात माझ्या शेजारीच बसून फुलं ओवत होती. गाणं नेहमी तीच उचलते. तिच्याकडे बघायचं धाडस मला होईना.

"गाणं झालं नाही, तर तो मागच्या वाटेने घरी जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे ना," बियाम म्हणाले.

"मग बोलणार कधी? माळ घातली की बोलावंच लागतं." तिने दोरा दातांनी तोडला. "मला ऐकायचंय, मेयर. दोन वर्षं मी रेडिओच ऐकतेय."

मग मी मुलांना रांगेत उभं केलं.

हर्टिन होडीतून उतरला. हातात एक चटई आणि एक खोका. मुलं दिसली तसा तो गुडघाभर पाण्यातच थांबला. "बाई, नको," तो मला म्हणाला. "मुलांना घरी पाठवा."

नेइमातने सूर लावला. आवाज जरा फाटला, पण तिने गाणं सोडलं नाही. मुलांनी ते उचललं. गाणं संपेपर्यंत तो पाण्यात उभा होता. मग नेइमात पाण्यात उतरली आणि तिने त्याच्या डोक्याला माळ बांधली. तो वाळूवर आला.

"माझ्या प्रिय बंधुभगिनींनो," त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. निवडणुकीच्या सभेतला तो आवाज त्याचा त्यालाच ऐकवेना. मुलं पाय बदलत उभी होती.

"यंत्र इथे आलेलं नव्हतं," तो म्हणाला. "सही केली तेव्हा मला ते माहीत होतं. मित्र म्हणाला, महिनाभर हॉटेलात वापरतो, मग पाठवतो. महिना झाला. मी मागितलं नाही. दुसरा महिना झाला. मागायला गेलो असतो, तर मी दिलं होतं हे उघड झालं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, इतक्या लांबून विचारायला कोण येणार?"

मग तो रांगेतून निघाला. कोणी हात दिला, कोणी बोटं टेकवली. बियामांनी हात पाठीमागे धरले होते, तिथे तो मान खाली घालून पुढे गेला. शेवटी नेइमात होती.

तिने हात पुढे केला. त्याने धरला. मग मात्र ती सोडेना.

"तिचं नाव सांग," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. शाळेत याच चेहऱ्याने तो हात वर करायचा. या वेळी त्याने नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"लिजॉन."

"लिजॉन," तो म्हणाला.

तिने हात सोडला.