लॅपटॉप आधी कुणाला जोडतो

ज्ञानेशचा लॅपटॉप झोपेतून उठला की वाय-फाय लागायला फार वेळ घ्यायचा. कुरुळीतल्या त्या पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये एवढ्यावरून नोकरी जाऊ शकत होती. ब्रेक पेडलचे ब्रॅकेट भरलेली गाडी गेटवर लागायची आणि गिऱ्हाईक कंपनीच्या पोर्टलवर ‘तपासणी ओके’ गेल्याशिवाय हलायची नाही. ज्ञानेश परभणीहून आलेला, ठेकेदाराच्या हजेरीवर. त्याच्या दोन गाड्या उशिरा गेल्या होत्या. आणखी एक चुकली तर त्याला काढणार, असं क्वालिटीचे शेखर साहेब सगळ्यांसमोर बोलले होते.

खरं तर माल फारसा कुणी तपासत नव्हतं. तक्ता सकाळीच भरून ठेवायचा, गाडी लागली की ओके दाबायचं, अशी तिथली रीत. पण लॅपटॉप अडला की ज्ञानेशला दुसरं काही करता यायचं नाही. मग तो पेट्यांमधले ब्रॅकेट उचलून उन्हात फिरवून बघायचा. उशीर झाला त्या दोन्ही वेळी त्याला तडे गेलेले नग सापडले होते.

दुरुस्तीला पिंपळे गुरवहून धम्मरत्न आला. लॅपटॉप मिटून उघडला, थांबला, घड्याळ बघितलं.

"राव, ह्याला उठल्यावर आधी चहा लागतो वाटतं."

त्याने वाय-फायची वीज वाचवणारी सेटिंग बंद केली, ड्रायव्हर नवा टाकला. उशीर तेवढाच. मग त्याने आतली नोंद उघडली.

"हा भैरू कोण?"

"माझ्या आधी इथं तपासणीला होता. लॅपटॉप त्याचाच."

"उठल्या उठल्या हा भैरूच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतो. तिथून सुटला की मग तुमच्याकडे येतो. त्याला म्हणावं, हॉटस्पॉट बंद ठेव."

गेटवरचा भिमाजी पास घेऊन दारात उभा होता. गावातलाच माणूस. "भैरू कुठला आता? दिवाळीआधीच गेला की. कंटेनरखाली. फोनचा चुरा म्याच गोळा केला."

धम्मरत्नने पडद्यावरची नोंद पुन्हा वर-खाली केली. "जुनं नाव सेव्ह राहिलं असतं तर ठीक होतं. पण फोन जवळ असल्याशिवाय लॅपटॉप जोडला जात नाही. हा रोज जोडलाय. आत्तासुद्धा."

"दुसरा कुनी भैरू आसंल."

"पासवर्डही तोच?"

धम्मरत्नने ते नाव सेव्ह केलेल्या यादीतून काढून टाकलं. लॅपटॉप मिटला, उघडला. कंपनीचं वाय-फाय ताबडतोब लागलं. भिमाजीने चहा सांगितला होता, पण धम्मरत्न थांबला नाही.

दुपारी गाडी लागली. ज्ञानेशने गेटच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडला आणि बसायच्या आत ओके पाठवलं. गाडी वेळेवर निघाली. सिग्नल कसा आहे ते बघायला त्याने आजूबाजूच्या नेटवर्कची यादी उघडली.

भैरूचं नाव सगळ्यात वर होतं. सिग्नलच्या रेघा पूर्ण भरलेल्या.

गाडी रस्त्याला लागली तशी एक रेघ कमी झाली. वळणावर गाडी पाण्याच्या टँकरमागे अडकली, तेव्हा उरलेल्या रेघा जागच्या जागी राहिल्या. टँकर सरकला. गाडी हलली. आणखी एक रेघ गेली.

आज आपण एकही ब्रॅकेट उचललेला नाही, हे ज्ञानेशच्या लक्षात आलं.

"भिमाजीमामा, ड्रायव्हरला फोन लावा. गाडी परत बोलवा."

"येडा झालास का? तुझं ओके गेलंय न्हवं?"

"लावा म्हणतो ना."

गाडी परत आली तेव्हा शेखर साहेब गेटवर पोचले होते. "कुणी बोलावली?"

"मी."

"नोकरी नकोशी झालीय का तुला?"

ज्ञानेशने तळातली पेटी ओढून काढली, वरचा ब्रॅकेट उचलला आणि उन्हात फिरवला. वाकवलेल्या कडेला केसाएवढा तडा होता. पुढच्या नगालाही. साहेबांनी तडा अंगठ्याच्या नखाने चाचपला. नख अडकलं.

"सगळा माल उतरवा," ते भिमाजीला म्हणाले. मग ज्ञानेशकडे न बघता म्हणाले, "गिऱ्हाईकाकडे माल पोचवायची आपली वेळ गेली. वरच्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागणार. तू ठेकेदाराला भेट."

"एवढा माल बघून जातो."

साहेब आत गेले. ज्ञानेशने पुढची पेटी समोर घेतली. माल आदल्या शिफ्टचा, पेटी सावलीत असलेली, झाकण बंद. तरी वरचा ब्रॅकेट हाताला कोमट लागला, कुणीतरी बराच वेळ धरून नुकताच खाली ठेवावा तसा. बाकीचे गार होते.

त्याने तो उन्हात फिरवला, तडा बघितला आणि खराब नगांमध्ये टाकला.