झोपेचे गुण

मिशिगनमधल्या त्या कॉलेजातल्या पोहणाऱ्या पोरी आजवर सेकंदांसाठी झुरत होत्या. यंदा कोच हॅस्केलनी त्यांना झोपेसाठी झुरायला लावलं. सुट्टीत कुठल्याशा व्याख्यानात त्यांना साक्षात्कार झाला होता की शर्यत पाण्यात नव्हे, गादीवर जिंकली जाते. झालं! प्रत्येकीच्या मनगटावर झोप मोजणारा पट्टा आला आणि कपडे बदलायच्या खोलीत रोजच्या झोपेचे गुण भिंतीवर लागू लागले. झोपेवरचं प्रवचन मात्र कोच उजाडायच्या आत, सगळ्यांना तलावाच्या काठावर उभं करून देत. पेंगणारीला जास्तीच्या फेऱ्या.

कोरिन व्हँडरस्लूटचं हे शेवटचं वर्ष. रिलेच्या चौघींत तिची वर्णी कधीच लागली नव्हती, आणि एकदा तरी लागावी म्हणून तिचा जीव तुटत होता. यंदा चौथी जागा रिकामी होती. तिची आणि संघातल्या जोलीनची वेळ अगदी बरोबरीची.

"मग जिची झोप चांगली, तिची जागा," कोच म्हणाले.

तिथेच कोरिनची झोप उडाली. डोळा लागतोय असं वाटलं की ती खूश व्हायची, आणि खूश झाली की टक्क जागी. गुण घसरत चालले. शेवटी तिने खोलीतल्या मैत्रिणीला गाठलं. डालिया इतिहास शिकायची आणि आगीची घंटा वाजली तरी कूस बदलायची नाही.

"रात्री हा पट्टा तू घाल ना गं."

"मी? अगं, जिना चढला तरी धाप लागते मला!"

"झोपेत कुठे जिने असतात?"

"हे बरंय. जन्मात पहिल्यांदा खेळात नाव काढणार, तेही घोरून!"

आणि काढलं की! डालियाने सगळ्या संघाला मागे टाकलं. पट्टा हातावरून गेल्यावर कोरिनही खरोखर ढाराढूर झोपू लागली, आणि पाण्यात तर मासोळी झाली. "झोपावं तर असं!" कोच सगळ्यांना सांगत सुटले.

पण स्पर्धेच्याच आठवड्यात डालियाला प्रबंध द्यायचा होता. वर्षभराचं काम तिने कॉलेजच्या रीतीप्रमाणे शेवटावर ढकललेलं. ती कॉफी पीत जागत बसली, आणि तिच्याबरोबर पट्टाही. स्पर्धेच्या गडबडीत त्या आठवड्यात भिंतीवर गुण लागले नाहीत, त्यामुळे कोरिनला याचा पत्ता नव्हता. ती झोपली होती.

स्पर्धेच्या सकाळी सरावात कोरिन आयुष्यात पोहली नव्हती इतकी झपाट्याने पोहली. कोचनी घड्याळ पाहिलं, मग गुण पाहिले.

"पोरी, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही तुझा!"

"मी ठणठणीत आहे, कोच. आत्ताची वेळ बघा ना!"

"तेच म्हणतोय. हे उसनं अवसान आहे. संध्याकाळी कोसळशील. जोलीन पोहेल."

खरं सांगावं तर लबाडी उघडी पडणार, संघातूनच हकालपट्टी. कोरिनला रडू फुटलं.

"थकव्याने होतं असं," कोच म्हणाले. संध्याकाळी स्पर्धेच्या गावी ते स्वतः तिला संघाच्या बसमध्ये घेऊन गेले आणि मागच्या बाकावर निजवून अंगावर आपला कोट घातला. माणूस वाईट असता तर तिला निदान चिडता तरी आलं असतं. तलावाकडून आरोळ्या ऐकू आल्या. कोण जिंकलं ते कळेना. बऱ्याच वेळाने बसचं दार उघडलं.

"कोरिन, आपण जिं..." जोलीन ओरडणार, तोच कोच दबक्या आवाजात म्हणाले, "शू! आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

ओल्या केसांच्या चौघी करंडक छातीशी धरून, चवड्यांवर चालत आपापल्या जागी गेल्या. कोरिनने डोळे घट्ट मिटून घेतले. कॉलेज येईपर्यंत बसमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही.