माझं भरतं, त्याचं भरत नाही

माझी धाकटी बहीण गोदू बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. भिवंडीच्या दवाखान्यात पहिली बाटली मी दिली. टेमघरच्या पॉवरलूमवर दिवसभर सुताच्या कांड्या भरून माझ्या अंगात उरलंय ते किती! तरी दिली. तिचा नवरा केसरीनाथ, दिघाशीचा जमीनवाला, दाराशी उभा राहून म्हणाला, "ताई, रक्त एकदा गेलं का परत येत न्हाय. मना शेतीचं बघायचं हाय." शेतीचं बघतात गडी. हा बांधावर उभा राहतो, बस.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. रक्तातलं पाणी दोन दिवसांत भरून येतं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, हाडांतल्या मगजात रोज नवे होतात, आठवड्याच्या आत पहिल्याइतके. लाल पेशींना मात्र दोन-तीन महिने लागतात. केसरीनाथनं मान डोलावली आणि विडी ओढायला गेला.

चौथ्या दिवशी गोदूला पुन्हा रक्त जायला लागलं. तिच्या प्लेटलेट संपत आल्या होत्या. साठवलेल्या बाटलीत त्या टिकत नाहीत, ताजंच रक्त हवं आणि तासाभरात हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केसरीनाथचं रक्त जुळत होतं, तशी चिठ्ठीच त्याच्या हातात होती. तो माझ्याकडे वळला.

"ताई, तुमचं चार दिसांत भरलं आसंल. डॉक्टरीणच बोलली. तुम्हीच झोपा परत."

माझं डोकंच फिरलं. आजवर मी त्याला अहो-जाहो करत आले होते.

"माझं चार दिसांत भरतं नि तुझं जन्मात भरत न्हाय? माझ्या लाल पेशी अजून यायच्या हायत, तेवढं बरं ऐकू आलं न्हाय तुला! ती मेली तर तू वर्षात दुसरी आणशील. मना दुसरी बहीण कुठनं मिळंल?"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. त्याची आई आक्का मध्ये पडली, "माझा पोरगा खंगंल गो!" मी पदर खोचला, त्याचं मनगट धरलं आणि रक्त घ्यायच्या टेबलापर्यंत ओढत नेलं. चार लोकांत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून तो आडवा झाला. बायकोच्या मायेनं नाही. मला त्याचं काय, रक्त मिळालं.

संध्याकाळी गोदूचं रक्त थांबलं. तिनं डोळे उघडून बाळ कुठंय विचारलं. मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

परत आत आले तर आक्का डबा उघडून बसलेली. बाळंतिणीसाठी वळलेले डिंकाचे लाडू होते ते. केसरीनाथ शेजारच्या रिकाम्या खाटेवर टेकून तिसरा खात होता. "खा रे बाबा, केवढं रक्त गेलं तुझं," आक्का म्हणत होती. गोदू कोरड्या ओठांनी नुसती बघत होती.

मी डबा हिसकावला.

"ताई, राहू दे गं," गोदू पुटपुटली. "त्यांना खाऊ दे. त्यांचं रक्त गेलंय."

केसरीनाथचा आला नव्हता, आक्काचा आला नव्हता, एवढा राग मला गोदूचा आला. मी लाडू फोडला आणि तिच्या तोंडात कोंबला.