आपोआप पडणारा गिअर

आपोआप गिअर बदलणाऱ्या सायकलीचा विषय निघाला, की मेस्त्रीच्या दुकानातून गिऱ्हाइकाची तासभर सुटका नसायची. "कोपऱ्यावरून भाजी आणायला मोटर नि बॅटरी कशाला? एका अंगठ्याचं काम ते!" त्यात त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनेच तसली सायकल घेतली, तेव्हा त्याला मिरच्या झोंबल्या.

ताई वाचनालयात कामाला, साठीला टेकलेली. वाटेत एक लांबच लांब चढ. चढ लागला की गिअर आपला आपण हलका व्हायचा. "बाळ्या, मला काही म्हणजे काही करावं लागत नाही रे!" ती कौतुकाने सांगायची. तो चेन पुसत राहायचा.

एकदा गिअर पडेनासा झाला म्हणून तिने सायकल त्याच्याकडे आणली. पाहतो तर बॅटरीची वायर निसटलेली. बोटाने दाबली असती तरी भागलं असतं. पण तो म्हणाला, "गेलं हे. म्हटलं नव्हतं मी? साधे गिअर बसवून देतो." आणि गिअर बदलणारी ती मोटर फडक्यात गुंडाळून त्याने फळीवर टाकली.

तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाची सायकल चालवून बघताना तो त्याच चढाला लागला. पुढे ताई सायकल ढकलत चालली होती. धापा टाकत. हँडलवर चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर तिचं सुवाच्य अक्षर: 'चढ आधी बघणे. मग उजवा अंगठा.'

त्याला बघून ती ओशाळली. "रोज घोकते रे. ऐन वेळी उलटाच दाबला जातो. परवा तर चेनच पडली, भर रस्त्यात. तुला सांगणार नव्हते. तू एवढं समजावून दिलंस, माझंच डोकं चालेनासं झालंय आता."

त्याला मान वर करवेना. कागदावरची अक्षरं तेवढी दिसत होती.

"ताई, ते बिघडलं नव्हतं. नुसती वायर निघाली होती."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

ती ओरडली असती, तर त्याने निमूट ऐकून घेतलं असतं. "म्हणजे मी स्वतःला बावळट समजत होते, आणि तुला सगळं माहीत होतं," एवढंच ती म्हणाली. कागद सोलून तिने पर्समध्ये ठेवला.

त्याच दुपारी त्याने मोटर परत बसवली. चढावर तिच्यामागून चालत गेला. ती बसल्या बसल्या वर पोचली, वळून मात्र पाहिलं नाही.

घरी गेलं की ती अजूनही चहा करते, खुशाली विचारते. सायकलीचं नाव काढत नाही. परवा दुकानासमोरून गेली, तेव्हा मागच्या चाकात हवा कमी आहे हे त्याला लांबूनच दिसलं. पंप घेऊन तो उंबऱ्यापर्यंत आला. तिथेच तो पंप टेकवून उभा राहिला. ती पुढच्या वळणावरच्या दुसऱ्या सायकलच्या दुकानात शिरली.