नाव खोडलेली फाईल

“तुले शिकनं नव्हतं, ते दोन वरीसपाईन आमनं डोकं कसाले खाधं?” धुडकू देवरेनं चहाची बशी फरशीवर आपटली.

“शिकायचंय मला. पण या पैशावर नाही,” योगराज म्हणाला.

“पैसावर काय कोणं नाव लिखेल शे?”

“लिहिलंय. हे बघा!” त्यानं निळी प्लास्टिकची फाईल बापाच्या पुढ्यात टाकली.

रागात आला की योगराज घरातली अहिराणी सोडून शाळेतली मराठी बोलायचा. बापाला कमी कळेल असं त्याला वाटायचं. बापाला सगळं कळायचं. धुडकूची तीस वर्षं बमरोलीच्या लूम्सवर, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली होती, त्यात कान गेले होते. म्हणून या घरात प्रेमाची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगावी लागायची. आणि सोयीची नसली, तर ओरडूनही ऐकू जायची नाही.

आज धुडकूनं सुट्टी टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोराला आयटीआयमध्ये नेऊन फी भरायची होती. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स, आज शेवटची तारीख, चारला खिडकी बंद. दहावीनंतर शाळा सोडून तीन वर्षं योगराज बापाच्याच शेजारच्या मशिनी चालवत होता. मशीन बंद पडली की शेठ आपल्याला शिव्या घालतो आणि मास्तरला मात्र “आवो ने, भाई” म्हणून बोलावतो, हे त्यानं रोज बघितलं होतं. मास्तर म्हणजे मशीन दुरुस्त करणारा. खुर्चीवर बसणारा. त्याला तेच व्हायचं होतं.

फी द्यायची कुणी, हा प्रश्न सुपारी फुटली त्या दिवशी सुटला. बारडोलीच्या काशिनाथ बोरसेंची स्नेहा ठरली, लग्न दोन वर्षांनी. बैठकीत धुडकूनं छाती फुगवून सांगितलं होतं, “आम्ही हुंडा लेत नही. पोरगानं शिक्षण करी द्या, बस.” समाजाची मोठी माणसं खूश झाली. एका म्हाताऱ्यानं तर टाळ्या वाजवल्या. म्हणाला, “याले म्हंतस सुधारना!” योगराजनंही मान खाली घालून गालात हसून घेतलं होतं.

काल दुपारी काशिनाथ पैशाचं पाकीट आणि फाईल देऊन गेले. “जावईबापू, सगळे कागद लावून दिले आहेत,” म्हणाले. संध्याकाळी योगराजनं फाईल उघडली. वरच्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: स्नेहा काशिनाथ बोरसे, बारावी सायन्स. त्यावर पेनानं एक सरळ रेघ. खाली त्याच सुबक अक्षरात, त्याच पेनानं: योगराज धुडकू देवरे.

मागच्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद होता. नर्सिंगला स्नेहाचा नंबर लागला होता. फी भरायची शेवटची तारीख तीच, आजची.

त्यानं गॅलरीत जाऊन फोन लावला.

“फाईल तुझी आहे का?”

“होती. आता तुझी,” स्नेहा म्हणाली. “चेन जरा अडकते. जोर लावू नको, तुटेल.”

“तुझा नर्सिंगचा कागद आत राहिलाय.”

“राहिला नाही. ठेवलाय.”

“मग मला आधी सांगायचं ना!”

“तू विचारलंस? दीड महिना रोज फोन करतोस. जेवलीस का, काय घातलंयस, फोटो पाठव. बारावीला किती पडले, एकदा तरी विचारलंस?”

“किती पडले?”

“ब्याऐंशी टक्के. तुला दहावीला?”

“सोड ना.”

“सोडलं. मला आता सोडायची सवय लागलीय.”

“मी तुझ्या बाबांना पैसे परत देतो.”

ती हसली, पण ते हसणं ऐकवेना. “बाबांना दिलेस तर ते दुसरा इलेक्ट्रिशियन शोधतील. द्यायचेच असतील तर माझ्या हातात दे. कॉलेजच्या गेटवर. उद्या चारच्या आत. नाहीतर बोलू नको, शीक गुपचूप. आणि हो, चांगले मार्क काढ. एका घरातनं कुणीतरी काढले पाहिजेत.”

आणि आता सकाळचे दहा वाजले होते, पाकीट आईच्या कपाटात होतं, चावी आईच्या कमरेला होती.

“समाजमा तोंड कसं दखाडू मी?” धुडकू ओरडला. “सुपारी मोडी का उद्या तुन्ही बहीन छायाले कोण करी? आनि तू? जिंदगीभर लूमवर मरशी. मन्हासारखा भैरा व्हशी!”

बहिरा. हा शब्द मात्र योगराजच्या वर्मी बसला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू, असं तो स्वतःला सांगत होता, पण पुढचं वर्ष गेल्या तीन वर्षांपासून येतच नव्हतं.

“आई, चावी दे,” तो म्हणाला.

सुभद्राबाईनं भाकरी तव्यावर टाकली, मान वर न करता. “मन्हा बापनी बी दिधं व्हतं. तुन्हा आप्पाले सायकल लेवाले. मन्ही चौथीनी शाळा सुटनी. मी मरनू का?”

कोपऱ्यात छाया साड्यांच्या ढिगाजवळ बसून सुटे धागे कापत होती. पंधरा वर्षांची, दहावीत. डझनावर मजुरी मिळायची, ती घरात जायची. तिनं कात्री न थांबवता विचारलं, “आप्पा, मन्ही फाईल तुम्ही कोणले देशात?”

“काय?” धुडकू म्हणाला.

“मन्ही दहावी व्हयनी का मन्ही फाईल कोणले देशात?” ती मोठ्यानं म्हणाली.

“तू गप बठ.”

“गपच बठेल शे. फक्त तारीख सांगी द्या. नाव मी सोता खोडी देसू.”

धुडकूला या वेळी ऐकू आलं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो इस्त्रीच्या शर्टाचं बटण चाचपत राहिला.

तव्यावरची भाकरी जळली. सुभद्राबाईनं ती उलटली नाही. उठली, कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि छायाच्या पुढ्यातल्या साड्यांवर टाकलं. पोराच्या हातात दिलं नाही.

“लई जा,” ती म्हणाली. “मन्हासाठे कोनी धावीसन उनं नव्हतं.”

योगराजनं पाकीट उचलून फाईलमध्ये सरकवलं. चेन अडकली. जोर न लावता, हळूच, त्यानं ती बंद केली.

वळला तर दारात धुडकू आडवा. दोन्ही हात चौकटीला. “हाऊ उंबरा वलांडा ते परत येवानं नही. आनि पोरगीना बाप काय तुन्ही आरती करी? पैसा बी जाई, पोरगी बी जाई, कोर्स बी जाई. काय राही तुन्हापान?”

खरंच काही राहणार नव्हतं. सोमवारी पुन्हा लूमवर, बापाच्या शेजारी, एकमेकांशी न बोलता. तिथं तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. उधन्यापर्यंत रिक्षा, तिथून बारडोलीची बस, बस भरल्याशिवाय सुटायची नाही, मग गेट.

“सरका आप्पा,” तो म्हणाला.

“काय?”

योगराजनं फाईल छातीशी धरली आणि या वेळी बापाच्याच भाषेत, साऱ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “सरका. मले आते निंघनं पडी.”