दोन सिलिंडर, चार सिलिंडर आणि एक लिंबू

मित्रांनो, दोन सिलिंडर आणि चार सिलिंडर यांच्यातला सामना मी जिंकले. चार सिलिंडरवाली आडवी झाली, मी उभी राहिले आणि तिला विकायचं ठरलं. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू. खंडेनवमीला बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात काहीही घडलेलं नाही, असा सोसायटीने एकमताने ठराव केला आहे. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी एक जुनी, दोन सिलिंडरची स्पोर्ट मोटारसायकल आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका माणसाने मला फिरत्या रुळांवर चढवलं आणि ताशी शंभरच्या वेगाने पळवलं. मी जीव तोडून धावले. थांबल्यावर पाहते तर एक इंचही पुढे गेले नव्हते. आयुष्यातला हा माझा पहिला धक्का. ती बेंगळुरूची पूर्वतयारी होती, हे मला पुढे कळलं.

मला सुचेताने घेतलं. ती मूळची पुण्याची. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा ती माझ्यावर बसूनच इथे आली. सामान ट्रकने आलं, तेही आमच्या मागून. मग रोज बनशंकरी ते पीण्या आणि परत. सिग्नलला ती माझ्या टाकीवर बोटांनी ताल धरायची. तिथला रंग थोडा उडाला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

मी थरथरते. तो दोष नाही, स्वभाव आहे. माझ्या आरशात मागची बस एक कधीच दिसत नाही, दीड दिसते. पण माझी ताकद तळमजल्यावर राहते. क्लच सोडला की ती दारात हजर. त्यामुळे गर्दीतून हळूहळू निघणं मला छान जमतं, आणि या शहरात दुसरं काही जमवायची वेळ येत नाही. कारखान्याच्या गेटवर लोक म्हणायचे, "मॅडम, गाडी म्हणजे गाडी आहे!" याचा अर्थ मला कळला नाही, पण बरं वाटायचं.

मग सुचेताचं लग्न झालं. नवरा श्रीरंग सॉफ्टवेअरमधला, सज्जन, भांडी स्वतः घासणारा. आणि असा माणूस एका रविवारी चार सिलिंडरवाली घेऊन घरी आला. मी हादरले. तशी मी हादरतेच, पण या वेळी इंजिन बंद होतं.

ती दिसायला देखणी. आवाज असा की वाटावं, कुणीतरी रेशीम लांबच लांब फाडतंय. थरथर नावाला नाही. पण तिची ताकद वरच्या मजल्यावर राहते. इंजिनाच्या आठ-नऊ हजार फेऱ्या होईपर्यंत ती खाली डोकावत नाही, आणि मग लग्नाच्या वऱ्हाडासारखी सगळी एकदम जिन्यावरून उतरते.

अडचण एवढीच, की आमच्या घराला दुचाकीची जागा एकच होती. बी-चौदा. दोघी तिथे एकमेकींना खेटून उभ्या राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या चिटणीस शिवलीलाअक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. अक्का मूळच्या बेळगावकडच्या.

"काय वो श्रीरंग, एका घरात दोन सवती आणल्यासारखं काय लावलंयसा?"

"अक्का, दसऱ्यापर्यंत द्या ना प्लीज."

"दसऱ्यापत्तर. नंतर एक विकायची. सरी? ठीक हाय?"

"सरी, अक्का."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. नवराबायको रोज तळघरात येऊन आमच्याच समोर आमच्यावर भांडायचे.

"सुचू, पॉवर बघ. तुझ्या गाडीच्या दीडपट आहे."

"हो, पण दहा हजार फेऱ्यांना. तू आजवर किती वेळा गेलास तिथे?"

"एकदा."

"कुठे?"

"न्यूट्रलमध्ये."

"आणि वजन? माझीपेक्षा तीस किलो जास्त. सोना मसुरी तांदळाचं पोतं मागे बांधून फिरतोयस तू, श्री."

"जड गाडी वाऱ्यात हलत नाही."

"बनशंकरीत कुठलं वादळ येतंय तुला?"

शेवटी श्रीरंग म्हणाला, "खंडेनवमीला ठरवू. लिंबावरून जी नीट जाईल ती राहील." आणि सुचेता चक्क "डन" म्हणाली. एवढी शिकलेली दोन माणसं, आणि माझं भवितव्य त्यांनी लिंबावर सोपवलं. मी थक्क झाले.

त्यानंतर सुचेताने माझ्या साखळीला तेल घातलं नाही. सिग्नलला ताल धरणंही थांबलं. मला वाटतं, ती माझ्याशिवाय राहायची सवय करत होती.

खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. इमारतीतल्या सगळ्या गाड्या धुतल्या, हार घातले, आरशांना केळीची पानं बांधली. तळघराच्या चढावाशी अक्कांनी कोहळा फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीने ते चिरडून वर उन्हात जायचं, की पूजा पुरी.

"रेस वाढवायची न्हाई हां," अक्का म्हणाल्या. "वर नात झोपलीय. गाडीनं नमस्कार केल्यागत जायचं."

आधी मी. सुचेताने क्लच हळूच सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला हातही लावला नाही. मी डुगडुगत निघाले. पच्च झालं आणि मी वर उन्हात होते.

मग चार सिलिंडरवाली. श्रीरंगनेही क्लच हळूच सोडला. तिने तळमजल्यावर ताकद शोधली. तिथे कुणीच नव्हतं. तिने एक लांब उसासा टाकला आणि ती बंद पडली. मग ती मागे घरंगळू लागली. श्रीरंगने पाय टेकला तो नेमका कोहळ्यावर. दोनशे किलोंवर वजन एकदा कलायला लागलं की त्याच्याशी चर्चा करता येत नाही. श्रीरंग उडी मारून बाजूला झाला आणि ती हारासकट आडवी झाली.

पण सगळ्यांचे डोळे दुसरीकडेच होते. तिच्यासाठी ठेवलेलं दुसरं लिंबू अख्खंच्या अख्खं उताराने खाली गेलं, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत वळलं आणि बी-चौदाच्या बरोबर मध्यभागी जाऊन थांबलं.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. "कुणी हात लावू नका."

"अक्का, लिंबू आहे ते. टाकतो उचलून."

"टाका की. मग घरात कायतर झालं तर मला सांगू नका."

श्रीरंगचा पुढे गेलेला हात खिशात गेला. हा माणूस विज्ञान शाखेचा आहे.

"असू दे. तशीही ही विकायचीच आहे आता," तो पडलेल्या गाडीकडे बघत म्हणाला.

"पूजा अर्धी ऱ्हायलेली गाडी विकत्यात होय? घेणाऱ्याला तरास. त्याच लिंबावरनं जाऊ दे, मग विका."

"मग गाडी तिकडे नेऊन चिरडू?" सुचेताने विचारलं.

"बी-चौदाचं तोंड दक्षिणेला हाय. दक्षिणेला तोंड करून पूजा?" अक्कांनी कानाला हात लावले.

अशा रीतीने बी-चौदा ही जागा लिंबाला मिळाली. अक्का रोज त्याच्याभोवती रांगोळी काढतात. सोसायटीने काही घडलंच नसल्याचा ठराव केला. आणि आम्ही दोघी गेटबाहेर करंजाच्या झाडाखाली, एका कव्हरात.

पहिले काही दिवस मी ताठ होते. शेवटी जिंकलेली होते ना. मग एका दुपारी मद्रासकडचं वादळ भरकटत इथवर आलं. माझ्या स्टँडखालची माती भिजून खचली. मी कलले, सरळ चार सिलिंडरवालीच्या अंगावर गेले. ती हलली नाही. तासभर वारा आम्हाला झोडपत होता आणि तीस किलो जास्तीचं ते वजन मला धरून उभं होतं. श्रीरंग खरं बोलला होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का हाच.

वारा पडल्यावर दोघं धावत आली. सुचेताने माझी टाकी पुसली. मग चार सिलिंडरवालीच्या अंगावरचा पडल्याचा ओरखडा बराच वेळ पुसत बसली. तो पुसला जाणारा नव्हता.

"श्री," ती म्हणाली, "हिला नको घालवायला."

"अक्का ऐकतील?"

"लिंबू आहे तोवर विका म्हणणार नाहीत."

दोघं तशीच भिजत तळघरात गेली. परत आली तेव्हा सुचेताचा चेहरा उतरला होता. "वाळून सुपारीएवढं झालंय रे," ती म्हणाली आणि माझ्या टाकीवर बोटांनी ताल धरला.

मित्रांनो, आपल्या यंत्रांची काळजी घ्या. साखळीला तेल घाला. वजन आणि ताकद यांची तुलना जरूर करा, पण आधी वारा सुटू द्या. बाकी माझं म्हणणं मी सोसायटीच्या माननीय समितीपुढे सादर करते: न घडलेल्या घटनेतील, सध्या बी-चौदा येथे वास्तव्यास असलेल्या लिंबास वाळण्यापासून कायमस्वरूपी सूट देण्यात यावी, ही नम्र विनंती.